लाभपाचमेपर्यंतचा विमा

सुरतेत गोडादऱ्याच्या आमच्या खोलीत कुणी हळू बोलत नसे. वडील यंत्रमागावर काम करून बहिरे झाले होते, त्यामुळे मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. शेजारच्यांना वाटे, ही खानदेशी माणसं सारखी भांडतात. पुढे माग बिघडल्याचा आवाजही वडिलांना येईनासा झाला. कारखानदारानं त्यांना मागावरून काढलं आणि कापडाचे ताके उचलायच्या कामाला लावलं. त्याच वर्षी मोठ्या भावानं शाळा सोडली आणि कतारगामला हिऱ्याच्या घंटीवर बसला. घंटी म्हणजे हिऱ्याला पैलू पाडायची फिरती चकती. तिथे माणसाचे डोळे आणि बोटं, एवढंच कामाला येतं. भावाच्या बोटांवर आमचं घर चाललं. वडिलांची औषधं, आईचा चष्मा, माझं कॉलेज, सगळं त्या बोटांवर.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. हे मी मोठ्यानं सांगते, कारण त्या घरात मोठ्यानं सांगितल्याशिवाय काही कळतच नसे.

नोकरी लागली ती रिंग रोडवर एका ट्रॅव्हल एजंटच्या ऑफिसात. तिकिटं, व्हिसा, आणि परदेशी जाणाऱ्यांचा विमा. प्लेगनंतरचे दिवस होते. शहर झाडून-पुसून नवं झालं होतं, आणि हिरेवाल्यांना सिंगापूरहून निघणाऱ्या मोठ्या जहाजाची हौस लागली होती. दिवाळीत कारखाने बंद असतात, तेव्हा बायका-मुलांना घेऊन जायचं, समुद्रात तीन रात्री काढायच्या आणि परत यायचं. सोबत ठेपले, खाखरे आणि लोणच्याची बरणी.

भावाचे शेठ आमचे गिऱ्हाईक होते. त्यांचे वडील, बापुजी, गुडघ्यांनी अधू होते. कारखान्याचा जिना चढायचा झाला की माझा भाऊच त्यांना उचलून वर नेई. शेठ भावाला म्हणाले, बापुजींना समुद्र दाखवायचाय, तू चल. आईनं चाळीत सगळ्यांना सांगितलं. मग मला विचारलं, "जहाजवर भाकर भेटस का?"

विम्याचे दोन प्रकार होते. एक वर्षाचा: वर्षभरात कितीही वेळा जा, फक्त एकेक प्रवास ठरलेल्या दिवसांपेक्षा लांबवायचा नाही. दुसरा एका प्रवासाचा: निघाल्या दिवशी सुरू, परत आलात की संपला. शेठ अँटवर्पला, हाँगकाँगला वरचेवर जात, त्यांना वर्षाचाच बरोबर होता. बापुजी आणि भाऊ जाणार वर्षातून एकदा, त्यांना एका प्रवासाचा पुरे. मी तसं सांगितलं. पण शेठच्या पेढीचा कारभार बघणारे म्हातारे मेहताजी म्हणाले, "ना बेन. सगळ्यांचं वर्षाचंच काढा, लाभपाचमेला. शुकन."

सुरतेत नवं काम लाभपाचमेला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला, सुरू होतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. दिवाळीत वह्यांची पूजा झाली की लाभपाचमेपर्यंत कुणी नवी सही करत नाही, दुकानाचं शटरही वर करत नाही. तर लाभपाचमेला तिघांचा वर्षाचा विमा निघाला, आणि मागोमाग ते जहाजावर गेले. भाऊ परत आला तरी आठवडाभर मनानं समुद्रावरच होता. "चारी बाजूले पानी, माय," तो आईला सांगे, "आन् प्याले बाटली!"

पुढच्या वर्षी पुन्हा ठरलं. या वेळी जहाज एकाच रात्रीचं होतं आणि तारीख अशी की भाऊबीजेला घर सोडायचं आणि लाभपाचमेला सुरतेत परत. तिकिटांसाठी पासपोर्ट आले, तेव्हा मी गेल्या वर्षीच्या विम्याचे कागद काढून पाहिले. विमा दिवाळीच्याही आधीच संपत होता.

मला क्षणभर कळेना. मग कळलं. त्या वर्षी अधिक महिना आला होता. आमच्या घरी आईनं जावई नसतानाही धोंडे केले होते, देवळात दिले होते. अधिक महिना आला की दिवाळी पुढे सरकते. विमा कंपनीच्या वर्षात अधिक महिना नसतो.

मी कतारगामला पेढीवर गेले. मेहताजी गादीवर बसून सुपारी कातरत होते.

"काका, तिघांचा विमा दिवाळीआधीच संपतोय."

"गई लाभपांचमे लीधो, आ लाभपांचमे पूरो," ते म्हणाले. "आणि लाभपाचमेला तर ते घरी येणारच."

"कंपनी तिथी धरत नाही. तारीख धरते. मधे अधिक महिना आला ना."

"बेन, तुम्ही शिकलेल्या. पण वरस कोणाला म्हणतात ते आम्हाला शिकवू नका. दिवाळी ते दिवाळी वरस."

"मग या प्रवासापुरता वेगळा काढू. तीन कागद जास्तीचे, दुसरं काय?"

"एकावर एक विमा? चांगल्या कामाला निघताना दोनदा अशुभ बोलायचं?" त्यांनी सुपारी तोंडात टाकली. गादीवरची बाकीची मंडळी हसली. कुणीतरी म्हणालं, बेनला कमिशन मिळत असेल.

शेठ मुंबईला होते. मी फोन लावला. "मेहताजी जोई लेशे, ते बघून घेतील," ते म्हणाले, आणि फोन ठेवला. आमच्या साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "गिऱ्हाईकाला नको तर आपण कोण? तू सांगितलंस, झालं." माझ्यासाठी झालं नव्हतं. शेठच्या जिवाची, बापुजींच्या जिवाची काळजी करायला माणसं होती. माझ्या भावाची मीच होते. देश सोडल्यावर विमा निघत नाही, आणि धनतेरसेपासून ऑफिस बंद. म्हणजे हातात एवढेच दिवस.

मी भावापुरता एका प्रवासाचा फॉर्म भरून घरी नेला. फक्त त्याची सही हवी होती. तो जेवत होता.

"भाऊबीजेची ओवाळणी आधीच दे," मी म्हटलं. "इथे सही कर."

त्यानं हात धुतले, फॉर्म हातात धरला, उलटा-सुलटा केला. "मेहताजीले इचारतो."

"मेहताजींना कशाला? तुझा हात, तुझी सही."

"शेठ माले पोराच्यागत लई जातस. मी येगळा कागद करू? त्यास्ले काय वाटी?"

दुसऱ्या दिवशी तो फॉर्म सही न करताच परत घेऊन आला. मेहताजींनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं, तुला शेठवर भरवसा नाही की तुझ्या बहिणीला? सांगताना त्याचे कान लाल झाले होते. आई म्हणाली, "जाऊ दे ना बाई, तुले कागदच दिसतस." वडिलांनी ओरडून विचारलं, काय झालं? कुणी सांगितलं नाही.

ऑफिसात साहेब म्हणाले, "तूच कर ना त्याची सही. कोण बघतंय?" मी नाही केली. खोट्या सहीवर उभा राहिलेला विमा लागलीच पडतो, हे त्यांनाही माहीत होतं. शिवाय खोटी सही करायला मी शिकले नव्हते. आज वेळ आली तरी करणार नाही.

भाऊबीजेला पहाटे मी त्याला ओवाळलं. त्यानं ताटात साडी घातली, मार्केटातली, मोरपिशी. "तुना ऑफिसले नेसजो," म्हणाला. मी ती अजून नेसलेली नाही.

पुढचं त्यानंच सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. बापुजींना डेकवर जायचं होतं. डेकचं दार लोखंडी, जड. भावानं ते उजव्या हातानं धरून ठेवलं आणि शेठना बापुजींची चाकांची खुर्ची बाहेर काढू दिली. वारा आला. दार त्याच्या बोटांवर मिटलं.

जहाजावरच्या डॉक्टरनं सांगितलं, बंदराला लागलो की उतरा, इस्पितळात लगेच ऑपरेशन करा, बोटं वाचतील. शेठनी विम्याच्या कागदावरच्या नंबरावर फोन केला. पलीकडून उत्तर आलं, तुमचा विमा संपलाय. शेठनी दोनदा नंबर बघून पुन्हा लावला. तेच उत्तर. भाऊ म्हणतो, शेठ वाईट नव्हते, घाबरले होते. परका देश, सोबत अधू बाप, इस्पितळाचं बिल किती होईल कुणास ठाऊक. ते म्हणाले, "पट्टी बांधून घे. सुरतेत आपला डॉक्टर आहे."

सुरतेतला डॉक्टर दिवाळीच्या सुट्टीवर बाहेरगावी होता. लाभपाचमेला पेढीचं शटर उघडलं, नारळ फुटला, पेढे वाटले. दवाखाना मात्र नंतर उघडला. मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बोटं उलटीपालटी करून पाहिली आणि आधी कुठे होता, एवढंच विचारलं. दोन बोटं वाकेनाशी झाली ती कायमची. हिरा दिसायला डोळे शाबूत होते, पण तो पकडायला हात नव्हता. घंटीवर त्याच्या जागी दुसरा बसला. शेठनी त्याला काढलं नाही. चहा आणायला, बापुजींना जिना चढवायला ठेवलं. उचलायला दोन बोटं कमी चालतात.

मेहताजी आमच्या खोलीवर आले. पहिल्यांदाच. खाटेच्या कडेवर बसले, पाण्याचा पेला हातात तसाच. भावाकडे बघवेना म्हणून माझ्याकडे बघून बोलले.

"बेन, तुम्ही सांगितलं होतं. अधिक महिना मी जिंदगीभर मोजला. व्रतं केली. फक्त तिथे नाही मोजला."

वडिलांना ऐकू गेलं नाही. "काय म्हनी राहिना?" ते ओरडले.

मीच ओरडून सांगितलं, "म्हणतायत, चुकलं!"

चाळीत सगळ्यांना ऐकू गेलं. मेहताजींनी मान खाली घातली. वडिलांनी थोडा वेळ भावाच्या हाताकडे पाहिलं, मग मेहताजींना हातानं खूण केली: पाणी प्या.

मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. माझं बरोबर होतं, यानं भावाचं एकही बोट वाकलं नाही. पदवीचा मला अभिमान आहे आणि तो राहील. पण पदवी ही शेवटी गोडादऱ्याची होती, आणि गादी कतारगामची. बरोबर कुठे बसून बोललं जातं, यावर ते बरोबर ठरतं. हे कॉलेजात शिकवत नाहीत. वडिलांना बहुधा माहीत होतं. ते बहिरे होण्याआधीच बोलायचे थांबले होते, असं आई सांगे.

पुढच्या दिवाळीत बापुजींना पुन्हा समुद्र बघायचा होता. भाऊ जहाजाचं नावही काढत नव्हता, म्हणून शेठनी उचलायला दुसरा माणूस निवडला, उडिया, घंटीवरचाच, नवीन लग्न झालेला. मेहताजींनी त्याला दसऱ्याच्या आधीच माझ्याकडे पाठवलं. त्याचा एका प्रवासाचा वेगळा विमा निघाला, इंग्रजी तारखेनं, घर सोडायच्या दिवसापासून परत यायच्या दिवसापर्यंत. सही त्यानं माझ्यासमोर केली.