बाबांचा लोटा आणि टाकीतलं शेवाळ

समुद्री मासे पाळणाऱ्या मंडळींनो, आज मी फार चुकलो.

आमच्या नागपूरच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज बोटभर आटतं. मीठ टाकीतच राहतं, म्हणून तेवढं शुद्ध गोडं पाणी टाकावं लागतं. मी विसरतो, म्हणून सावनेरहून राहायला आलेले बाबा रोज सकाळी लोटाभर टाकतात.

आज पाहिलं तर कोरलवर हिरवं, केसाळ शेवाळ पसरलेलं. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, बोरचं पाणी टाकलं न तुम्ही? आता हात नका लावू टाकीले!"

"तुह्याच आरओच्या कॅनमधलं टाकून राहिलो गा," ते एवढंच बोलले.

मला खरं वाटलं नाही. दुपारी कॅनमधलं पाणी क्षार मोजायच्या मीटरने तपासलं. आकडा शून्याच्या आसपास हवा, तो दोनशेच्या वर होता. आरओची क्षार गाळणारी मेंब्रेन मीच वर्षभर बदलली नव्हती. शेवाळाला खाऊ मीच पुरवत होतो.

संध्याकाळी शेवाळ उपटत बसलो होतो. माफी मागणार, तेवढ्यात बाबा दारातूनच म्हणाले, "बाबू, पानी कमी झालं हाय. टाकून घेजो."

लोटा त्यांनी धुऊन ओट्यावर पालथा ठेवलाय.

शेवाळ महिनाभरात जाईल हो. पण तो लोटा त्यांच्या हातात परत कसा देऊ?