दल-रे ताईच्या नव्या खिडक्या

आमच्या वसाहतीत कुणी घराच्या खिडक्या बदलल्या की बाया पहिलं काय विचारतात? "कुणी करून दिल्या? मुलानं की जावयानं?" स्वतःच्या पैशानं केल्या असं सांगायला म्हाताऱ्यांना लाज वाटते, मग त्या सरळ खोटं बोलतात. दल-रे ताईला खोटं बोलायची वेळ आली नाही. तिचा मुलगा ग्यु-चोल एका रविवारी राजधानी सोलहून आला, भात जेवला, आणि ताट सरकवता सरकवता म्हणाला, "आई, या खिडक्या बदलून टाकू."

मी तिच्या समोरच्या दारात राहते. तो बाहेर पडायच्या आत ती माझ्याकडे आली होती, पायांत दोन वेगवेगळ्या सपाता.

या बाईचं आयुष्य मला पाठ आहे. नवरा बोटीवर मेकॅनिक, तो लवकर गेला. ही इंचॉनच्या धक्क्यावर बसून शिंपल्या सोलायची. थंडीत, खाऱ्या पाण्यात हात घालून. त्यातच तिचा उजवा खांदा गेला, आता हात छातीच्या वर उचलत नाही. त्या शिंपल्यांवर तिनं हे घर घेतलं आणि पोराला शिकवलं. पोराचं लग्न ठरलं तेव्हा घरही त्याच्या नावावर करून मोकळी झाली. मी म्हटलं होतं, "ताई, डोकं फिरलंय का तुझं?" तर म्हणाली, "एकुलता एक आहे, उद्या कुणाला देऊ, तुला?"

आता त्या जुन्या खिडक्यांबद्दल. आत लाकडी, बाहेर अ‍ॅल्युमिनियमच्या. लाकूड वाकलेलं, सरकवायला गेलं की मध्येच अडकायच्या. समुद्रावरचा वारा फटीतून शिरला की रात्रभर शिट्टी वाजायची. थंडी सुरू झाली की आम्ही सगळेच काचांवर पाणी मारून बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद चिकटवतो, पण हिला फटींत चिंध्याही कोंबाव्या लागत. मग चेरी फुलेपर्यंत बाहेरचं काही दिसायचं नाही. बर्फ पडतोय हे तिला टीव्हीवरून कळायचं! स्वतःच्या घरात, खिडकीपासून हातभर अंतरावर बसलेल्या बाईला.

तिला दुसरं काही नको होतं. एक हिवाळा खालून तापवलेल्या गरम जमिनीवर खिडकीपाशी बसून पडता बर्फ बघायचा, बस. हे ती मला इतक्यांदा बोलली होती की मी वैतागायची.

खिडक्या निवडायला ती मला घेऊन गेली. दुकानदार नमुने सरकवून दाखवत होता. मला वाटलं, ग्यु-चोल स्वस्तातलं उरकेल. पण ताईनं जाड, दुहेरी काचेच्या, आत-बाहेर दोन थरांच्या, घट्ट बसणाऱ्या निवडल्या, तरी तो एका शब्दानं आडवा आला नाही. "चांगल्याच घे, आई," म्हणाला. ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही पोरानं राज्य जिंकून आणलंय.

मग दुकानदारानं विचारलं, "आजी, उघडायचं झडप कुठल्या बाजूला ठेवू?"

"डावीकडे," ताई म्हणाली. "आणि मूठ जरा खाली बसवा. मी जमिनीवर बसते, माझा हात वर जात नाही."

"नको, नेहमीसारखंच ठेवा," ग्यु-चोल मध्येच म्हणाला. "लोकांना त्याची सवय असते."

माझं डोकंच सणकलं. मी तिथेच म्हटलं, "कुठले लोक रे? घरात तुझी आई एकटी राहते."

तो हसला. "मावशी, तुम्ही पण ना!" आणि ताईनं मला कोपरानं ढोसलं. बाहेर आल्यावर मलाच झापलं, "ओक-सिम, तुला कुणाचं चांगलं बघवत नाही का गं? डावं काय नि उजवं काय, मी उठून उघडेन."

मी गप्प बसले नाही, पण ती ऐकायला शुद्धीवर होती कुठे?

काम सुरू व्हायच्या आधी आवाजाबद्दल घरोघरी जाऊन सह्या घ्याव्या लागतात. लोक बहुतेक हे काम ठेकेदारावर ढकलतात. ताई स्वतः गेली. प्रत्येक दारात वाकून नमस्कार, हातात भेट म्हणून नगरपालिकेच्या, एरवी विकत घ्याव्या लागणाऱ्या कचऱ्याच्या पिशव्यांची छोटी गड्डी, आणि तोंडात एकच वाक्य, "मुलगा खिडक्या बसवून देतोय, जरा आवाज होईल." तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी चिडवलं, "ग्यु-चोलच्या आई, काचा पुसायला सून पण येणार वाटतं?" ही लाजून लाल. ज्या मजल्यांवर आवाज पोचणारही नव्हता तिथेही जाऊन आली. कचऱ्याच्या पिशव्या कुणाला नको असतात? पण खरं तर ती सांगत सुटली होती, माझा पोरगा चांगला निघाला म्हणून.

मग माणसं आली. पहारीनं जुनी चौकट उचकटली, भिंतीचे पोपडे पडले, घरभर पांढरी धूळ. नवी चौकट बसवली, फटींत फेस भरला, झडपं रुळावर चढवली. एका बोटानं ढकललं की सर्रकन सरकायची, आणि बंद केली की समुद्र गप्प. इतकी शांतता झाली की ताईला भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू आला. ती रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू. मनातल्या मनात ग्यु-चोलची माफीही मागितली मेल्याची.

थंडीच्या तोंडावर किमची घालायचे दिवस आले. आम्ही दोघी तिच्याकडे कोबीच्या पानांना मसाला चोळत बसलो होतो, तेवढ्यात बेल वाजली. एक घरांची दलाल बाई आणि तिच्यामागे नवरा-बायकोचं तरुण जोडपं. ताईला वाटलं, खिडक्या बघायला कुणी आलंय. ग्यु-चोलनं फोनवर तेवढंच सांगितलं होतं, "कुणी खिडक्या बघायला आलं तर दाखव." तिनं हातमोजे काढून अभिमानानं दाखवल्या.

ती पोरगी झडप एका बोटानं सरकवून बघत होती. "अय्या, किती हलकं! आजी, इतक्या छान खिडक्या आत्ताच बसवल्यात, आणि घर विकताय?"

ताई हसतच होती. ते हसू तोंडावर तसंच राहिलं.

दलाल बाईनं माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "मुलगा बोलला नाही का?"

"बोललाय, बोललाय," ताई म्हणाली. "माझ्याच लक्षात राहत नाही हल्ली." आणि कोबीच्या पानात उकडलेलं मांस गुंडाळून तिनं त्या पोरीच्या तोंडात भरवलं. "खा बाळ. ताजी आहे."

ते गेल्यावर मी फोन उचलला. म्हटलं, "त्याला असं सुनावते की जन्मभर लक्षात ठेवेल." तिनं फोन माझ्या हातातून घेतला, स्वतः लावला. एवढंच विचारलं, "आणि मी?"

ग्यु-चोलचा आवाज मला ऐकू येत होता. त्याच्या घराजवळ एका इमारतीत खोली बघून ठेवली होती. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीला लागून आहे, म्हणून वारा मुळीच येणार नाही. "सगळं तुझ्यासाठीच तर चाललंय, आई." घर त्याच्या नावावर.

दलाल बाई महिनाभर अजून गिऱ्हाइकं आणेल असं वाटलं होतं. पण त्याच जोडप्यानं आठवड्यात घर घेतलं.

घर सोडायला आम्ही भुतंखेतं फिरत नाहीत असा शुभ दिवस बघतो, त्या दिवशी गाडीवाले जास्त पैसे मागतात. ग्यु-चोलनं भलताच, स्वस्तातला दिवस निवडला. खिडकीतून सामान उतरवणारी शिडीची गाडी आली. हमालांनी नवी झडपं उचलून काढली, भिंतीला टेकवली, आणि ताईचं कपाट, रजया, किमचीचे डबे त्या उघड्या चौकटीतून एकामागून एक खाली गेले. ती काचांपाशी उभी राहून ओरडत होती, "जपून रे, ओरखडा नको! पोरीनं किती हौसेनं घेतल्यात."

ग्यु-चोल माझ्या बाजूला हात चोळत उभा होता. मला म्हणाला, "मावशी, खिडक्यांमुळेच हो. नाहीतर या जुन्या घराकडे दोन वर्षं एक गिऱ्हाईक बघायलासुद्धा फिरकत नव्हतं."

दोन वर्षं. म्हणजे दोन वर्षं हा... माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडलं, तोच ताईनं माझा हात धरला. तिनंही ऐकलं होतं. मला कोपऱ्यात ओढून, त्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

"चूक माझीच गं. साध्या खिडक्या निवडल्या असत्या, तर हा हिवाळा तरी मिळाला असता."