तीन पानांचं जर्मन निशाण

हसायचं असेल तर चहाची बशी आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकानं सगळा चहा धोतरावर सांडून घेतला होता. आणि मला मूर्ख म्हणायची घाई नको. तेवढा मान माझ्या घरच्यांनी आधीच घेतलाय!

परळीला रेल्वे नुकतीच आली होती. निजामाचं राज्य, आणि मी स्टेशनावर मालबाबू. दिवसभर खऱ्या गाड्या डोळ्यांपुढून जायच्या, आणि मला वेड कसलं? तर खेळण्यातल्या गाड्यांच्या डब्यांचं! साहेब लोक बदलून गेले की त्यांच्या मुलांची खेळणी हैदराबादच्या जुन्या बाजारात यायची, आणि तिथून फिरत फिरत आमच्या गफूरचाचाच्या टोपलीत. चाचा मोडवाला. मोडीतलं भांडं द्यायचं आणि बदल्यात टोपलीतलं काहीही घ्यायचं.

ह्या डब्यांवरचं कारखान्याचं नाव बहुधा पुसलेलंच असायचं. मग मी चाकं बघायचो, कड्या ओढून बघायचो, डबा उलटा करून बूड बघायचो आणि छातीठोक सांगायचो, हा जर्मन, तो विलायती. चुकलो तर सांगणार कोण? अख्ख्या परळीत दुसरा जाणकार होताच कुठे!

तर एकदा चाचानं दोन अस्सल जर्मन डबे आणले. माझं डोकंच फिरलं. घरात बायकोच्या माहेरची पितळी परात होती, लग्नात सासऱ्यांनी दिलेली. बायको पाण्याला गेली, मी परात पोत्यात घातली आणि चाचाला देऊन मोकळा झालो. घरी सांगितलं, चोरीला गेली.

पुढचा महिना कसा काढला ते माझं मला ठाऊक. बायको शेजारणीची लाकडी काठवट मागून आणायची, आणि एकेका भाकरीला चोराचा उद्धार करायची.

"माझ्या आबाची परात नेली मेल्यानं! हात झडतील त्याचे!"

मी भाकरी मोडत म्हणायचो, "झडतील, झडतील."

दुसरं काय म्हणणार? कबूल केलं असतं तर ती त्याच पावली वडवणीला माहेरी निघून गेली असती. त्यात शिवरात्र तोंडावर. सासरे दर वर्षी वैजनाथाच्या दर्शनाला यायचे आणि दुसऱ्या दिवशी पारण्याला आमच्याकडे जेवायचे. आबांना काय सांगू, ह्या विचारानं बायकोचा जीव टांगणीला लागलेला. माझाही, पण निराळ्या कारणानं!

शिवरात्रीच्या यात्रेत गफूरचाचा दिसला. टोपलीत एक डबा. काय सांगू त्याची ऐट! पिवळाधमक, हाताला जड. उलटा केला तर बुडाला ठिपक्याठिपक्यांनी काढलेली तीन पानं!

"चाचा, हा जर्मन!"

"बाबूजी, पैले मेरी सुनो तो..."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"अजी, मेरे पास इसके पय्येच थे. ऊपर का तो..."

"गप बसा हो! हे तीन पानांचं निशाण म्हणजे जर्मनीतला सगळ्यात जुना कारखाना. पत्र्याचे डबे साहेबांच्या पोरांना, आणि असे पितळेचे राजांच्या पोरांना!"

हे ज्ञान मला कुठून झालं म्हणता? तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. पण एकदा बोललो की माघार नाही, हा आमच्या घराण्याचा जुना रोग. घरचे ते दोन्ही जर्मन डबे आणले आणि त्याच्या टोपलीत टाकून हा एक घेतला.

चाचानं कपाळाला हात लावला. "तुमारी मर्जी, बाबूजी. मैं बोलताच था, तुमीच सुने नै."

दुसऱ्या दिवशी पारणं. ओसरीवर सासरे बसलेले, आळीतले चार जण पानसुपारीला आलेले. एवढी मंडळी समोर असताना मी गप्प बसेन? डबा आणला आणि कड्यांपासून चाकांपर्यंत व्याख्यान दिलं. सासऱ्यांनी डबा हातात घेऊन उलटा केला. मधल्या पानावरून अंगठा फिरवला.

"कुठला म्हनलात, जावईबापू?"

"जर्मनीचा, मामा."

"आन् ही पानं?"

"कारखान्याचं निशाण. असलं झाड तिकडंच असतं. आपल्याकडे नाही उगवत."

सासऱ्यांनी पागोट्यात खोचलेलं, आदल्या दिवशी देवळातून प्रसाद म्हणून आणलेलं बेलाचं पान काढलं आणि डब्याच्या बुडाशी धरलं.

एक पान. दोन पानं. तीन पानं!

"ह्ये आमच्या घरचं निशाण हाय," ते म्हणाले. "समद्या भांड्यावर असतंय. लेकीच्या परातीवर तर म्या समोर बसून घालून घेतलतं. मधल्या पानाचा एक ठोका चुकलाय, ह्यो बघा."

आता कुठे चाचाच्या बोलण्याचा उजेड माझ्या डोक्यात पडला. त्याच्याकडे नुसती चाकं होती, वरचा डबा आमच्याच गावच्या तांबटानं बनवलेला. आणि पितळ? माझ्याच परातीचं! म्हणजे बघा, परात देऊन जर्मन डबे घेतले आणि जर्मन डबे देऊन परात परत आणली, तीही कापलेली! अहो, जगातल्या झाडून सगळ्या डब्यांची बुडं मी तपासली, पण आपल्या घरातल्या परातीचं बूड कोण पुरुष बघतो?

"मामा, तो चोर..." मी सुरुवात केली.

"चोरानं परातीला चाकं लावून दिली व्हय तुमाला?"

आळीतले चौघे एकदम सुपारी शोधायला लागले. दारात बायको उभी. ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला. ती तडक आत गेली आणि कणकेचं भांडं आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. डब्याचं छप्पर काढलं, आत मूठभर कणीक ओतली आणि डबा माझ्यासमोर ठेवला.

"आबा जेवायचे हायेत. मळा ह्याच्यात. आन् लवकर मळा, हात झडायच्या आत!"