तीनटोल्याचा भूगोल, लोक आणि इतिहास

सरकारी फाइलीत कागद जेवढे असतात, त्याच्या तिप्पट किस्से दोन कागदांच्या मधल्या फटीत अडकलेले असतात. कागदांचं झेरॉक्स तालुक्याला निघतं. किश्श्यांचं झेरॉक्स मशीन म्हणजे मी. कॉपी जरा गडद येते, एवढंच!

अहेरीच्या बाजूला, तीन टोल्यांचं, म्हणजे वस्त्यांचं, मिळून आमचं एक गाव. लोक त्याला तीनटोला म्हणतात. मागची पहाडी ग्रामसभेच्या नावानं व्हावी, म्हणजे तिथला बांबू, तेंदू, मोह आमच्या हक्काचा होईल, म्हणून आम्ही वनहक्काचा दावा टाकला. त्यासाठी गावाचा भूगोल, लोक आणि इतिहास लेखी द्यायचा होता. दाव्याच्या समितीची अध्यक्ष जैबाई, गोंड म्हातारी. सचिव मी, कारण मी टेलर आणि गावात मोजायचा टेप माझ्याच एकट्याकडे.

पहिल्याच मीटिंगमध्ये जैबाईनं जाहीर केलं, "दावा मंजूर होयेपर्यंत मी मरत नाई." आणि ठरावाच्या वहीत तसा ठराव लिहायला लावला. अनुमोदन एकमतानं!

* * *

नकाशा काढायला मोठा कागद मिळेना. मी अस्तराच्या कापडावर काढला. नाला निळ्या दोऱ्यानं, पायवाटा कच्च्या टाक्यानं, पहाडीला जरा फुगा. तालुक्याच्या बाबूनं तो उलटून पाहिला, सुलटून पाहिला आणि म्हणाला, नकाशा कागदावरच पाहिजे.

मी म्हटलं, "साहेब, कागद मळला तर फेकावा लागते. हा धुता येते."

फाइल परत आली. सोबत धुण्यासाठी नकाशाही.

* * *

मग फॉर्मात रकाना निघाला : गावापासून पहाडीचं अंतर. माझा टेप दीड मीटरचा, मोजत बसलो असतो तर नातवानं पुरं केलं असतं. तालुक्याला बाबूसमोरच जैबाईला विचारलं. आमच्याकडे तंबाखू-सुपारी घोटून खर्रा करतात, तो तोंडात असल्याशिवाय कोणी जंगलाकडे पाय उचलत नाही. ती म्हणाली, "जाताना एक खर्रा, येताना तीन."

बाबू हसला. म्हणाला, बाई, अंतर जाता-येता सारखंच असते.

"तुमचं असंन. येताना माह्या डोक्यावर मोळी रायते."

* * *

लोकांची यादी करताना प्रत्येक घरापुढे 'गावात केव्हापासून' लिहायचं होतं. गोंडांची घरं झाली, बौद्धांची झाली. शेवटी माझं एकट्याचं मुसलमानाचं घर. माझे आजोबा डोक्यावर शिलाई मशीन घेऊन दुसऱ्या गावच्या बाजाराला निघाले होते. नाला पुरानं चढला म्हणून इथे थांबले. मी प्रामाणिकपणे लिहिलं : 'तात्पुरते.'

जैबाईनं ते वाचून घेतलं आणि बोट ठेवून खोडायला लावलं. "काऊन रे मास्तर, तीन पिढ्या झाल्या, तुझा नाला अजून उतरला नाई?"

* * *

इतिहासावर गाडी खरी अडली. पुराव्याच्या सत्यप्रती जोडा, असं पत्र आलं. आमचा पुरावा म्हणजे मसणवटीत पूर्वजांच्या नावानं उभे केलेले दगड. जैबाईनं मला उत्तर लिहायला सांगितलं : 'प्रत मिळत नाही. मूळ पाहायला यावे. मूळ उठून येऊ शकत नाही.'

मी 'आपला विश्वासू' जोडलं आणि पाठवलं. पंधरा दिवसांत मोठे साहेब पाहणीला येणार असल्याचा निरोप आला!

* * *

पाहणीला शेजारच्या गावालाही बोलवायचं असतं. तिथले मादूभाऊ म्हणजे जैबाईचे जन्माचे वैरी. पहाडीवरून दोघांची इतकी भांडणं झालेली, की त्यांचा आवाज आला तर पाखरं आधीच उठून जात. मी म्हटलं, बाई, हा माणूस दावा बुडवेल, याला नको. ती म्हणाली, त्यालेच बोलाव. मी पुन्हा म्हटलं. ती पुन्हा तेच.

साहेब आले. दगड पाहिले, मान डोलावली. मग मोहाखाली बसून म्हणाले, की गाव जुनं आहे, कबूल. पण तुम्ही ही पहाडी पिढ्यान् पिढ्या वापरता, हे बाहेरचं कोणी सांगेल का? नाहीतर फाइल परत.

मला तर फाइल परत जाताना दिसायलाही लागली.

तेवढ्यात मादूभाऊ काठी टेकत उठले. तीच काठी जैबाईवर रोखली.

"साहेब, या लोकायचं कवतिक मले नका सांगू. माहा आजा जित्ता होता तवापासून हे या पहाडीवर येऊन राह्यले. आमच्या आधी उठून मोह वेचून नेते. माह्या आज्यानं यायच्या बुढ्यासंग भांडण केलं, माह्या बापानं केलं, मी या बाईसंग करून राह्यलो. एक साल सोडलं नाई यायनं!"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "बाबा, हे सगळं परत एकदा सांगा. सावकाश."

जैबाईनं मला कोपरानं डिवचलं.

"मास्तर, भाऊले चहा दे. साखर जास्त टाक."