पहारीनं कोरलेली ढोलकी

तुम्ही ज्या हत्यारानं काम करता, ते तुमचं तुम्ही घडवलंय का?

हा प्रश्न मी गेल्या वर्षी भोरच्या एसटी स्टँडवर लोकांच्या हातात देत होते, छापून. पिवळा कागद, वर ठळक मथळा : ‘आपलं हत्यार, आपल्या हातानं’. वेल्ह्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या एका गृहस्थांनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “ताई, हे तुमी छापलं का प्रेसवाल्यानं?” मी त्यांना मनातल्या मनात प्रतिगामी ठरवलं आणि पुढच्या बाकाकडे गेले.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. आजोबांनी वाटलेली, वडिलांनी लिहिलेली. मी अक्षरं जुळवायला शिकले ती ‘जाहीर’, ‘निषेध’ आणि ‘एकजूट’ या शब्दांवर. त्यामुळे एखादी गोष्ट पटली की ती आधी छापायची आणि मग करायची, हा क्रम मला अगदी साहजिक वाटतो.

या वेळी पटलेली गोष्ट होती ढोलकी.

माझी आत्या वेल्ह्याकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे आणि तिथल्या बायकांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवते. चौदा एप्रिलला, जयंतीच्या संध्याकाळी पहिला तास या बायकांच्या गाण्यांचा. हिवाळ्यात तिच्या ढोलकीचं खोड उभं तडकलं. मंडळातल्या पोरांनी फार प्रेमानं सांगितलं, “आत्या, ढोलकी नसंल तर टेन्शन न्हाई. डीजे लावू की सुरवातीपासनं.” एकदा गेलेला तास पुढच्या वर्षी कुणी परत देत नाही, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. ती पुण्याहून तयार ढोलकी आणायला निघाली होती. मी तिला आणू दिली नाही.

“आपली गाणी आपली, मग वाद्य दुसऱ्याच्या हातचं का?” मी विचारलं.

“आत्तापतोर तसंच वाजवलं की,” ती म्हणाली. पण माझं डोकं तापलेलं असलं की ती वाद घालत नाही. माळ्यावर तीन पावसाळे वाळवलेला फणसाचा ओंडका तिनं खाली काढून दिला. तसा दुसरा नव्हता.

भोरमध्ये एका कातारीमामांच्या लेथवर मी वर्षभर शिकत होते. लाटणी, बाजेचे पाय, देव्हाऱ्याचे खांब असं त्यांचं काम. श्रमावर लिहिणाऱ्या माणसानं श्रम केले पाहिजेत, म्हणून मी त्यांच्याकडे गेले होते. माझी पहिली दहा लाटणी त्यांनी न बोलता चुलीसाठी घरी नेली होती.

ढोलकीचं खोड बाहेरून कातणं मला जमलं. अवघड असतं ते आत. दोन्ही तोंडं लहान, पोट मोठं. फिरत्या लाकडात हत्यार लांबवर घालायचं, टोक दिसत नाही, आणि हत्यार ज्यावर टेकवतात त्या टेक्यापासून टोक जितकं आत जाईल तितकं ते थरथरतं. असं हत्यार बाहेरून मागवता येतं. मला अर्थातच ते घडवायचं होतं.

मी एक जुनी कानस घेतली. कानस लोखंड खाते, मग लाकडाची काय कथा? तिचं टोक घासून आकड्यासारखं केलं, मागं मूठ बसवली आणि मामांना दाखवली.

“कानस नगं,” मामा म्हणाले. “कडक हाय, पर वाकायचं ठाव न्हाई तिला. मोडंल. तुज्यावानीच हाय.”

“म्हणजे?”

“म्हंजी काय न्हाई. माप दे, मी करून देतो.”

इथं मी त्यांना सांगितलं की उत्पादनाची साधनं कष्टकऱ्याच्या मालकीची असली पाहिजेत. मामांनी लेथकडे पाहिलं. तो त्यांनी तीस वर्षांपूर्वी भंगारातून आणून स्वतः उभा केला होता.

“मग ह्यो कुणाच्या मालकीचा हाय? तुज्या पत्रकाच्या?”

पत्रक तोवर छापून झालं होतं. त्यात तिसऱ्या परिच्छेदात म्हटलं होतं की, एका कार्यकर्तीनं कुणाचीही मदत न घेता स्वतः घडवलेल्या हत्यारानं ढोलकी कोरली असून ती या जयंतीला वाजेल. कोरली ‘असून’. ओंडका तेव्हा आतून भरीव होता.

जयंतीच्या आधीच्या आठवड्यात आत्या काम बघायला भोरला आली. ती दारातून आत येत असतानाच कानस मोडली. तिचं टोक जेमतेम चार बोटं आत गेलं होतं. ‘टण्ण’ असा आवाज झाला, तुटलेला तुकडा आतल्या आत गरगरला आणि माझ्या कानाजवळून जाऊन मागच्या पत्र्यावर आदळला. मामांनी मोटर बंद केली.

“डोळं हायती का जाग्यावर?” आत्यानं आधी एवढंच विचारलं. मग माझं तोंड दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे वळवलं, खात्री केली आणि मगच खोडात बोट घातलं. आत नखभर खोल चरा पडला होता. आणखी खोल पडता तर खोड वाया गेलं असतं.

मी बोलायला सुरुवात केली. स्वावलंबन, प्रयोग, अपयशाचं मोल. आत्यानं ऐकून घेतलं.

“तुज्या आज्यानं हातातली गावकीची, फुकटच्या चाकरीची काठी टाकायला पत्रकं वाटली,” ती म्हणाली. “लोकांनी टाकली, कारण त्यानं आदी सोताच्या हातातली टाकली हुती. गावानं पाणी बंद केलं तरी उचलली न्हाई. आदी टाकली, मग छापलं. तू आदी छापतीस.”

मामा लाकडाचा भुसा झाडायला लागले. त्यांना त्या वेळी झाडण्यासारखं काही नव्हतं.

“आता डीजेच लावतील,” मी म्हणाले.

“लावतील. तास माजा जाईल, तुजा न्हाई.” ती खोडाकडं बघत राहिली. मग मामांना म्हणाली, “दादा, न मोडणारं काय असतं?”

“जाड पायजे. आन लांब. आत हातभर गेलं तर भाईर तीन हात पायजे, तवा दाबून ऱ्हातं.”

दुसऱ्या दिवशी आत्या पुन्हा एसटीनं आली, हातात विहाराची पहार घेऊन. झेंड्याच्या खांबासाठी दरवर्षी खड्डा घेतात ती. कंडक्टर म्हणाला होता, “हिचं अर्धं तिकीट काढू का पुरं?” गावात तिनं सांगून आणली होती, अट एकच : कापायची नाही.

कापायची गरजच नव्हती. वेल्डिंगवाल्यानं पहारीचं टोक लालबुंद तापवून मऊ केलं आणि त्याला एक भोक पाडलं. मामांनी डब्यातून कारखान्यात झिजून टाकलेला पोलादाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा काढला. मी त्याला धार लावली. हो, ती मी लावली. तुकडा भोकात बसवून स्क्रूनं आवळला, आणि झालं हत्यार.

ते एकट्याला पेलेना. पुढं टेक्यापाशी मी, मागचं टोक काखेत घेऊन आत्या, आणि मोटरच्या बटणावर हात ठेवून मामा. ती पहार थरथरली नाही. पहिल्यांदाच खोडातून लांब, सलग कीस निघायला लागला, फणसाचा पिवळा. माझ्या पत्रकाच्या रंगाचा, हे माझ्या लक्षात आलं, पण मी बोलले नाही.

“सावकाश,” मामा. “आतलं डोळ्यानं नगं बघू.”

“मग कशानं?”

“तुजी आत्या हाय न्हवं.”

दर थोड्या वेळानं मोटर बंद व्हायची आणि आत्या खोडावर बोटांनी ठोकायची. जाड असताना बद्द आवाज. मग हळूहळू मोकळा. एका क्षणी तिनं दोनदा ठोकलं, मान तिरकी केली आणि पहार काखेतून सोडली.

“बास.”

“आत्या, तो चरा अजून आहे. थोडं काढलं की जाईल, आत सगळं एकसारखं होईल.”

“चरा जाईल, मागनं आवाज पन जाईल. ऱ्हाऊ दे. कोन बघतंय आत?”

मी ऐकलं. त्या सबंध प्रकरणात माझा स्वतःचा म्हणावा असा निर्णय हा एकच.

दोन्ही तोंडांवरच्या चामड्याच्या पुड्या चढवणाऱ्यांनी दोन दिवसांत चढवून दिल्या. जयंतीच्या संध्याकाळी पहिला तास बायकांचा होता. पोरं डीजेच्या टेम्पोला टेकून उभी होती, आणि तिसऱ्या गाण्याला त्यातली दोघं टाळ्या द्यायला लागली. ढोलकी कशी वाजली हे मी सांगू नये. आत्या हसत होती, एवढं सांगते.

मग निवेदकानं खिशातून पिवळा कागद काढला आणि माइकवर वाचला : “ताईंनी कुणाचीही मदत न घेता…” टाळ्या पडल्या. आत्यानं ढोलकीवरून माझ्याकडे पाहिलं आणि एक थाप दिली. माइक चार हातांवर होता. अन्यायाच्या पहिल्या शब्दाला उठून उभं राहणारी मी, त्या दिवशी सतरंजीवर बसून राहिले. लाजेनं नाही. टाळ्या ऐकायला बरं वाटत होतं म्हणून.

ही चूक मी ढोलकीच्या आतल्या चऱ्यासारखी पुडीखाली ठेवू शकत नाही. ती छापलेली आहे, आणि गावोगाव गेली आहे.

म्हणून एक विनंती. ते पिवळं पत्रक तुमच्या घरात कुठं उरलं असेल, दप्तरात, फडताळात, डब्याच्या तळाशी अंथरलेलं, तर ते काढा. तिसऱ्या परिच्छेदातले ‘कुणाचीही मदत न घेता’ हे चार शब्द पेनानं खोडा. वर लिहा : आत्या, कातारीमामा, वेल्डिंगवाले, विहाराची पहार. जागा पुरणार नाही, समासात लिहा. आणि मग ते शेजारच्याला वाचायला द्या.