उत्तर समुद्रातले मेतकूट

हॅम्बुर्गच्या धक्क्यावर आमची बोट प्रथम दृष्टीस पडली, तेव्हा मी किंचित हिरमुसलो. आजूबाजूला महासागर ओलांडणारी अवाढव्य जहाजे उभी होती आणि त्यांच्यात एका धुराड्याची ही पांढरी बोट हत्तीशेजारी बांधलेल्या करडासारखी दिसत होती. एल्ब नदीतून समुद्रात, हेल्गोलांड बेटावर, तेथून कालव्यातून कीलला, पुढे ल्युबेक आणि परत हॅम्बुर्ग, असा आठवड्याचा फेरा ती करणार होती.

या सहलीमागे एक कारण होते, ते आधी सांगणे उचित होईल. माझी मुलगी नलिनी आणि जावई वसंतराव वोल्फ्सबुर्गला राहतात. वसंतराव तेथील मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. मी म्युनिकच्या एका संशोधन संस्थेत काही महिन्यांसाठी आलो होतो, पण एवढ्या काळात मुलीच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे अन्नच काय, पाणीही घ्यावयाचे नाही, असा आमच्या घरचा रिवाज आहे. नलूच्या लग्नाला बरीच वर्षे झाली, मूल नव्हते. मी दर पत्रात कामाची सबब लिहीत असे आणि ती सबब तिला कळते, हे मला कळत असे. अखेर वसंतरावांनी ही युक्ती काढली.

धक्क्यावरच ते म्हणाले, "अण्णा, बोट काही आमची नाही. आचारी जर्मन, पाणी सरकारी. तुमच्या नियमाला कुठेही धक्का नाही."

"तिकिटं कोणी काढली?" मी विचारले.

"गेनाऊ (अगदी बरोबर)! अण्णा हेच विचारतील, असं नलू म्हणाली होती."

नलू हसली नाही. माझी पिशवी तिने उचलली आणि ती शिडी चढू लागली. त्या पिशवीत म्युनिकहून घेतलेला पाव, सफरचंदे आणि घरून आलेली मेतकुटाची बरणी होती. जावयाच्या पैशाने जेवणे म्हणजे मुलीच्याच घरी जेवणे, असा निवाडा मी रेल्वेत बसल्या बसल्या देऊन टाकला होता.

एल्ब नदी समुद्राकडे जाताना इतकी रुंदावते की नदी कोठे संपली हे सांगता येत नाही. डाव्या तीरावर सफरचंदांच्या बागा, उजवीकडे टेकडीवर टुमदार घरे. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना लोक काठावरून रुमाल हलवीत होते. मीही टोपी हलविली आणि आपल्याला एवढा उत्साह कसा आला, याचे मलाच नवल वाटले.

भोजनगृहात आठवडाभर टेबल ठरलेले असते, आणि सोबतीही. आमच्या टेबलावर चौथ्या होत्या फ्राऊ (श्रीमती) पेटरसन, कीलच्या एक वृद्ध विधवा. ताठ कणा, निळे डोळे आणि शाळेत शिकलेले स्वच्छ, सावकाश इंग्रजी. सर्वांपुढे बटाटे, कोबी आणि वाफाळते सूप आले. मी पिशवीतून पाव काढला, त्यावर मेतकूट भुरभुरले आणि खाली मान घालून खाऊ लागलो. पिवळ्या भुकटीकडे बाईंनी गंभीरपणे पाहिले, पण विचारले काहीच नाही.

संध्याकाळी वाढप्याने एक झाकलेला वाडगा माझ्यापुढे ठेवला. आत हाफरश्लाइम (ओटची पातळ पेज) होती.

"हे मी मागवलं नव्हतं," मी म्हणालो.

वसंतरावांनी चौकशी केली आणि त्यांचा चेहरा मोठ्या कष्टाने सरळ राहिला. "अण्णा, तुमचं पोट बिघडलंय, असा फ्राऊ पेटरसनचा समज झालाय. ते पिवळं औषध आहे म्हणे. त्यांनी स्वतः मुदपाकखान्यात जाऊन सांगितलं."

"मग सांगा ना त्यांना खरं."

"काय सांगू? सासऱ्यांना माझं अन्न चालत नाही?"

"अहो, पुरे," नलू म्हणाली. "अण्णा, पेज राहू द्या. त्यांना सांगेन मी."

पेज निवत राहिली आणि बाईंच्या चेहऱ्यावरची काळजी वाढत गेली.

दुसऱ्या दिवशी हेल्गोलांड दिसले. समुद्रातून तांबड्या खडकाचा सरळ कडा वर आलेला, माथ्यावर हिरवळ आणि पायथ्याशी पांढरी वाळू. मोठी बोट तेथे काठाला लागत नाही. बेटावरचे नावाडी उघड्या होड्या घेऊन येतात आणि दोन धिप्पाड गडी प्रवाशाला दंडांना धरून सरळ होडीत उतरवितात. लाटेवर होडी वर आली की ते "आता" म्हणतात, आणि आपण विचार करीत बसायचे नसते. मी विचार करीत बसलो. पुढच्या क्षणी मी दोघांच्या मध्ये अधांतरी लोंबकळत होतो आणि खांद्यावरची पिशवी सुटून पाण्यात पडली होती. पाव तरंगू लागला. समुद्रपक्ष्यांनी एकच गिल्ला करून त्याचा फडशा पाडला. बरणी मात्र निमूटपणे तळाला गेली.

"उत्तर समुद्रात पहिल्यांदाच मेतकूट पडलं असेल," वसंतराव म्हणाले. यावर मात्र नलूलाही हसू आवरले नाही. नाव हेलकावत होती आणि ती पदर तोंडाला लावून हसत होती. तिला असे हसताना मी किती वर्षांनी पाहिले, हे आठवू लागलो आणि ते मला आठवेना.

त्या रात्री मी भूक नाही म्हणून लवकर झोपलो. भूक भरपूर होती.

कालव्यातला दिवस मी विसरणार नाही. एवढी मोठी जहाजे सरळ शेतांमधून चालतात. दूर उभे राहून पाहिले तर गाईंच्या कळपामागून धुराडे सरकताना दिसावे. वर उंच पुलावरून आगगाडी गेली आणि डब्यांच्या खिडक्यांतून मुलांनी आम्हांला हात केले. मी कठड्याशी उभा होतो. फ्राऊ पेटरसन शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या मुलीनं मला सांगितलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही आजारी नाही."

"नाही. आमच्याकडे तशी रीत आहे. मुलीला मूल होईपर्यंतच."

"तेही सांगितलं." त्या कठड्याला टेकल्या. "मला मूल झालं नाही. माझे वडील दर रविवारी जेवायला यायचे. मला स्वयंपाक येत नसे. सूप वाईट असायचं. ते दुसऱ्यांदा मागून घ्यायचे."

एवढेच बोलून त्या, आता कीलचे दीपस्तंभ दिसतील, असे सांगू लागल्या. माझे लक्ष नव्हते. मी रीत पाळतो आहे, याचा मला आजवर एक सूक्ष्म अभिमान होता. ती पाळताना प्रत्येक वेळी मी नलूच्या दारात उभा राहून, तुला अजून मूल नाही, असे मोठ्याने सांगत होतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ज्या गोष्टीविषयी लोक तिच्यामागे कुजबुजत असतील, ती मी, तिचा बाप, तिच्यासमोर, पाण्याचा पेला नाकारून बोलत होतो.

संध्याकाळच्या जेवणाला मी म्हणालो, "नलू, ते बटाटे इकडे दे."

तिने माझ्याकडे न पाहता भांडे सरकविले. वसंतरावांनी एकदम लोण्याच्या भावाची चर्चा सुरू केली. फ्राऊ पेटरसन मात्र माझी बशी रिकामी होईपर्यंत पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी कीलला उतरताना त्यांनी नलूला जवळ घेतले आणि मला बजावले, "दुसऱ्यांदा मागायचं, विसरू नका."

ल्युबेकच्या लाल विटांच्या वेशी आणि तिथला मार्झिपान (बदामाचा गोड लगदा) यांविषयी लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. मार्झिपान मी इतका खाल्ला की पेज मागवावी लागणार, असे वसंतराव म्हणाले. परंतु माझे मन हॅम्बुर्गला, परतीच्या धक्क्यावर पोचले होते. तेथून मी थेट म्युनिकची गाडी धरावयाची, असे ठरलेले होते.

धक्क्यावर नलूने माझी बॅग खाली ठेवली. "गाडीला वेळ आहे, अण्णा. फलाटावर बसू या."

"वोल्फ्सबुर्गची गाडी कोणत्या फलाटावर लागते?" मी विचारले.

तिने नवऱ्याकडे पाहिले. वसंतरावांनी, आयुष्यात प्रथमच असेल, विनोद केला नाही. त्यांनी माझी बॅग उचलली.

त्यांचे घर दोन खोल्यांचे, नीटनेटके. पाहुणा आला की पाणी पुढे करणे हा आपल्या हाताचा धर्म. नलू पेला भरून आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

"अण्णा, रीत..." ती म्हणाली. "अजून काही झालेलं नाही."

"मुलीच्या घरी आलोय. तहान लागलीय," मी म्हणालो.

पाणी फार थंड होते. मग तिने आमटीभात केला. ती पानाशी वाढायला उभी होती. आमटीत मीठ अंमळ जास्त पडले होते. मी दुसऱ्यांदा मागून घेतली, तिसऱ्यांदाही घेतली. "अहो, पुरे म्हणा त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली आणि आत निघून गेली. बाहेर आली तेव्हा डोळे धुतलेले होते.

आता म्युनिकच्या गाडीत बसून हे लिहीत आहे. रीतिरिवाज टाकून द्यावेत, असे मी कोणास सांगणार नाही. तेवढे शहाणपण माझ्यापाशी नाही. पन्नाशी उलटल्यावर एवढेच शिकलो की रीत पाळताना तिचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे, हे एकदा पाहावे. नलूने निघताना दशम्यांचा डबा बरोबर दिला. दुपारी जेवणाच्या वेळी उघडा, असे बजावले होते.

हॅनोव्हर यायच्या आतच डबा रिकामा झाला.