घशात अडकलेला पवित्र आत्मा

विमलमावशींमुळेच त्या दुपारी मी भरल्या ताटावरून उठलो नाही. सुरतेच्या कारखान्यातल्या मेसमध्ये जेवणाआधी मी क्रूसाची खूण करत होतो. ‘पित्याच्या’ म्हणत कपाळाला हात लावला, तोच सुपरवायझर म्हणाला, “काय रे आठवी नापास, तुझे देव तीन की एक? आधी सांग, मग जेव!” सगळे हसले. पुढचे ‘पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने’ हे शब्द माझ्या घशातच राहिले. वाढणाऱ्या विमलमावशी कडाडल्या, “साहेब, आपले तेहतीस कोटी मोजलेत कधी? जेवू द्या पोराला!” मी खूण पुरी केली.

एकात तीन कसे, हे मलाही कळत नाही. मीही विचारतोच की. पण ज्याला उत्तर नकोच, नुसतं हसायचंय, त्यानं कुणाच्या घासाआड देव का आणावा?

मावशी, एका नाताळला तुम्हाला वसईला आमच्या घरी नेईन, माझ्या आईशेजारी मानानं बसवीन.